हृदय सावरले, आता पायाकडे लक्ष द्या

अँजिओप्लास्टीनंतर जांघेतील धमनीचे छिद्र बुजवण्यासाठी छोटी साधने वापरली जातात. ती सोयीची असली, तरी घरी आल्यावरही काही दिवस जागरूक राहावे लागते.

मामीचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते.

‘‘अगं, यांची जांघ लाल झालीय. हात लावू देत नाहीत. ताप पण आहे. अँजिओप्लास्टी होऊन आठ दिवस झाले. आता कसला ताप?’’

माझे मामा पेरांबूरच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यात नोकरीला लागले, तेव्हापासून चेन्नईकर झाले. निवृत्तीनंतरही तिथेच राहिले. मधुमेह जुना. चार वर्षांपूर्वी छातीत दुखू लागले, तपासणीत हृदयाची एक रक्तवाहिनी अरुंद झालेली आढळली आणि अँजिओप्लास्टी करायचे ठरले. मनगटातून नळी घालण्याचा प्रयत्न झाला. पण तिथली धमनी फार बारीक आणि वळणदार निघाली, म्हणून डॉक्टरांनी जांघेतून काम केले. स्टेंट व्यवस्थित बसला. दुसऱ्या दिवशी मामा घरी आले. सगळे खूश होते.

चौथ्या दिवसापासून जांघेत ठणका लागला. ‘‘एवढी सुई घातली होती, दुखणारच,’’ असे म्हणून मामीने गरम पाण्याच्या पिशवीने शेकले. आठव्या दिवशी ताप चढला. रुग्णालयात नेल्यावर सोनोग्राफी झाली, रक्त तपासले गेले आणि डॉक्टरांनी सांगितले, ‘‘आत पू झाला आहे. धमनी बंद करण्यासाठी जो बूच बसवला होता, तिथे जंतुसंसर्ग झालाय. उघडून साफ करावे लागेल.’’

मामी चक्रावली. ‘‘बूच? कसला बूच? आम्हाला तर स्टेंट बसवला एवढेच सांगितले होते!’’

हा बूच म्हणजे काय, तो का बसवतात आणि तो बसवल्यावर घरच्यांनी काय पाहायचे असते, हे तिला कोणी नीट सांगितलेच नव्हते. म्हणूनच हा लेख.

चेन्नईचे ऋण

ही घटना चेन्नईत घडली, याला एक वेगळे महत्त्व आहे. भारतातील हृदयोपचारांचा इतिहास या शहराला वगळून सांगताच येत नाही. १९७५ मध्ये पेरांबूरच्या रेल्वे रुग्णालयात डॉ. के. एम. चेरियन यांनी देशातील पहिली बायपास शस्त्रक्रिया केली. १९८३ मध्ये ग्रीम्स रोडवर अपोलो रुग्णालय सुरू झाले. तेथे काम केलेले डॉ. मॅथ्यू सॅम्युएल कलरिकल यांना भारतातील अँजिओप्लास्टीचे जनक मानले जाते. अमेरिकेत या तंत्राचे प्रवर्तक आंद्रेयास ग्रुंट्झिग यांच्याकडे धडे घेऊन ते परतले आणि १९८६ मध्ये तेव्हाच्या मद्रासमध्ये त्यांनी अँजिओप्लास्टीला सुरुवात केली. २००० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. डॉ. चेरियन आणि डॉ. कलरिकल या दोघांचेही २०२५ मध्ये निधन झाले.

आज देशाच्या कानाकोपऱ्यातून, विशेषतः बंगाल आणि ईशान्येकडून, रुग्ण चेन्नईला येतात. ग्रीम्स रोडच्या आसपासच्या लॉजमध्ये त्यांचे नातेवाईक मुक्काम करतात. हृदयाच्या उपचाराची भीती आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. ‘‘दोन दिवसांत घरी’’ हे वाक्य आपण सहज बोलतो. पण हे दोन दिवस शक्य होण्यासाठी जी एक छोटी गोष्ट नीट पार पडावी लागते, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. ती गोष्ट म्हणजे धमनीला पाडलेले छिद्र बंद होणे.

छिद्र पडते कसे?

हृदयापर्यंत नळी नेता येते हे १९२९ मध्ये वेर्नर फोर्समन या तरुण जर्मन डॉक्टरने स्वतःवरच प्रयोग करून दाखवले. त्याने आपल्याच हाताच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत सरकवली आणि तशाच स्थितीत क्ष-किरण विभागात जाऊन फोटो काढून घेतला. १९५६ मध्ये त्याला नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्याआधी १९५३ मध्ये स्वीडनच्या स्वेन इवार सेल्डिंगर यांनी एक सोपी युक्ती प्रसिद्ध केली: आधी पोकळ सुई टोचायची, सुईतून बारीक तार आत सरकवायची, सुई काढून घ्यायची आणि तारेच्या आधाराने नळी आत न्यायची. कापाकापी न करता धमनीत शिरण्याचा हा मार्ग आजही जगभर वापरला जातो. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये ग्रुंट्झिग यांनी याच मार्गाने हृदयाच्या धमनीत फुगा फुगवला आणि अँजिओप्लास्टीचा जन्म झाला.

नेहमीच्या अँजिओप्लास्टीत वापरली जाणारी नळी साधारण दोन मिलिमीटर जाडीची असते. ती ज्या आवरणातून आत जाते ते आणखी थोडे जाड असते. म्हणजे धमनीला पडणारे छिद्र दोन-अडीच मिलिमीटरचे. ऐकायला लहान वाटते; पण धमनी म्हणजे शीर नव्हे. तिच्यात हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर रक्त जोराने उसळत असते. शिवाय रुग्णाला रक्त पातळ ठेवणारी औषधे दिलेली असतात. अशा वेळी छिद्र आपोआप बंद होईल अशी वाट पाहून चालत नाही.

जुना उपाय : हाताचा दाब

सुरुवातीपासून चालत आलेला उपाय अगदी साधा आहे. औषधाचा अंमल उतरला की नळीचे आवरण काढायचे आणि डॉक्टर किंवा प्रशिक्षित कर्मचाऱ्याने जांघेवर हाताने पंधरा-वीस मिनिटे दाब देऊन धरायचे. दाब कातडीवरच्या खुणेच्या किंचित वर द्यावा लागतो, कारण सुई तिरकी जात असल्याने धमनीतले छिद्र तिथे असते. त्यानंतर अनेक ठिकाणी वाळूची पिशवी ठेवतात आणि रुग्णाला चार ते सहा तास, कधी त्याहून जास्त वेळ, पाय सरळ ठेवून उताणे पडून राहावे लागते.

ज्यांनी हे अनुभवले आहे त्यांना विचारा. छातीतल्या उपचारापेक्षा हे पडून राहणेच त्यांच्या लक्षात राहते. कंबर धरते, लघवी अंथरुणावरच करावी लागते, प्रोस्टेटचा त्रास असलेल्या वृद्धांची तर फारच पंचाईत होते. चेन्नईच्या वॉर्डात परिचारिका दर थोड्या वेळाने येऊन विचारते, ‘‘वलि इरुक्का?’’ म्हणजे, दुखतंय का? आणि जाताना बजावते, ‘‘कालै मडक्कादींग.’’ पाय दुमडू नका! तमिळ न येणाऱ्या रुग्णालाही हे दोन शब्दप्रयोग संध्याकाळपर्यंत पाठ होतात.

नवा उपाय : बूच, टाका, चिमटा

हा त्रास कमी व्हावा म्हणून १९९०च्या दशकात धमनी बंद करणारी साधने बाजारात आली. त्यांचे मुख्य प्रकार तीन.

पहिला प्रकार बुचाचा. अँजिओ-सील हे त्यातले बहुपरिचित नाव. यात धमनीच्या आतल्या बाजूला एक चपटी, विरघळणारी पट्टी बसते आणि बाहेरच्या बाजूला कोलॅजनचा, म्हणजे प्राणिज प्रथिनाचा, छोटा स्पंज. दोन्ही एका दोऱ्याने आवळले जातात आणि मधले छिद्र दाबले जाते. शर्टाच्या बटणाला आतून दुसरे बटण लावून शिवावे, तसेच काहीसे. साधारण ६० ते ९० दिवसांत हे सारे शरीरात विरघळून जाते.

दुसरा प्रकार टाक्याचा. परक्लोज या नावाच्या साधनाने बाहेरूनच धमनीच्या छिद्राला टाका घालता येतो. हा दोरा विरघळत नाही, तसाच राहतो. मात्र धमनीच्या पोकळीत अडथळा होईल असे मोठे काही उरत नाही.

तिसऱ्या प्रकारात धातूचा लहानसा चिमटा धमनीच्या बाहेरून छिद्राच्या कडा एकत्र धरतो. याशिवाय धमनीच्या बाहेर जेलसारखा पदार्थ सोडून छिद्र झाकणारी साधनेही आहेत.

यांचा फायदा खरा आहे. रक्त एक-दोन मिनिटांत थांबते आणि रुग्णाला लवकर उठून बसता येते. ज्यांना पाठदुखी आहे, दम लागतो, उताणे झोपताच येत नाही, त्यांच्यासाठी हे वरदानच आहे. किंमत काही हजार रुपये असते आणि ती बिलात वेगळी लागते. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने हृदयाच्या स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली, तो आदेश स्टेंटपुरता होता हेही लक्षात ठेवावे.

वेळ वाचतो, धोका टळतो का?

साधन वापरले म्हणजे गुंतागुंत होणारच नाही, असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही.

जर्मनीतील चार केंद्रांत ४,५२४ रुग्णांवर केलेला एक मोठा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. जांघेतून अँजिओग्राफी झालेल्या या रुग्णांपैकी काहींना साधन लावले, काहींना हाताचा दाब दिला. साधनाने रक्त थांबायला साधारण एक मिनिट लागले, हाताने दहा मिनिटे. पण पुढच्या ३० दिवसांत जांघेच्या ठिकाणी गुंतागुंत झालेल्यांचे प्रमाण साधनाच्या गटात ६.९ टक्के आणि हाताच्या दाबाच्या गटात ७.९ टक्के होते. हा फरक योगायोगानेही पडू शकेल इतका लहान आहे. यातल्या बहुतेक गुंतागुंती म्हणजे पाच सेंटीमीटर किंवा त्याहून मोठ्या रक्ताच्या गाठी होत्या, जिवावर बेतणारी संकटे नव्हेत. तात्पर्य असे की साधनाने आराम मिळतो, वेळ वाचतो. सावधगिरीची गरज मात्र संपत नाही.

आणखी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. हाताच्या दाबानंतर जी गुंतागुंत होते ती बहुधा रक्तस्रावाची असते. साधनात मात्र परकी वस्तू शरीरात राहते. त्यामुळे एरवी क्वचितच दिसणारे दोन वेगळे धोके संभवतात. ते दुर्मीळ आहेत, पण झाले तर गंभीर असतात.

पहिला धोका जंतुसंसर्गाचा. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये अशा ५२ रुग्णांची माहिती एकत्र केली. त्यांच्यात मधुमेह आणि लठ्ठपणा हे सर्वाधिक आढळले. साधन बसवल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा मध्य काळ आठ दिवसांचा होता. बहुतेकांत स्टॅफिलोकोकस ऑरियस हा कातडीवर एरवीही आढळणारा जंतू सापडला. अनेकांत धमनीची भिंतच पोखरली जाऊन फुगा आला होता. ५२ पैकी तिघे दगावले. आमच्या मामांचे मधुमेह आणि आठवा दिवस हे दोन्ही या वर्णनात अगदी चपखल बसतात.

दुसरा धोका धमनी बंद होण्याचा. आतली पट्टी नीट बसली नाही, स्पंज धमनीच्या आत सरकला किंवा त्याचा तुकडा सुटून खाली वाहत गेला, तर पायाचा रक्तपुरवठा अडतो. पाय गार पडतो, फिकट होतो, बधिर होतो, दुखतो. हे काही तासांतही होते, कधी काही दिवसांनी चालताना पोटरी दुखू लागल्यावर कळते. ज्यांच्या पायाच्या धमन्या आधीच अरुंद झाल्या आहेत, त्यांच्यात आणि बारीक धमन्या असलेल्या स्त्रियांमध्ये डॉक्टर विशेष काळजी घेतात. जांघेतील धमनीचा आधी फोटो घेऊन मगच साधन लावायचे की नाही हे ठरवतात.

याशिवाय रक्तस्रावाच्या नेहमीच्या गुंतागुंती आहेतच. छिद्र पूर्ण बंद न झाल्यास धमनीशेजारी रक्ताची धडधडणारी थैली तयार होते. सोनोग्राफीत ती ओळखता येते आणि बहुतेक वेळा तिच्यात औषधाचे इंजेक्शन देऊन ती बंद करता येते. सर्वांत फसवा रक्तस्राव पोटाच्या मागच्या बाजूला होतो. जांघेवर काहीच दिसत नाही. पण कमरेत किंवा कुशीत दुखते, घाम फुटतो, रक्तदाब उतरतो. ही तातडीची अवस्था असते.

मनगटाचा मार्ग

मग जांघेत जायचेच कशाला? हा प्रश्न डॉक्टरांनाही पडला होता. १९८९ मध्ये कॅनडाच्या लुसियन काम्पो यांनी मनगटातील धमनीतून अँजिओग्राफी केल्याचे अनुभव मांडले. १९९२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या फर्डिनांड कीमनाय यांनी त्याच मार्गाने अँजिओप्लास्टी सुरू केली. मनगटातली धमनी वरवर असते, तिच्याखाली हाड असते, त्यामुळे पट्ट्याने दाबून ती सहज बंद करता येते. शरीरात काही ठेवावे लागत नाही आणि रुग्ण लगेच उठून बसतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७,०२१ रुग्णांच्या अभ्यासात रक्तवाहिनीची मोठी गुंतागुंत मनगटाच्या मार्गात १.४ टक्के, तर जांघेच्या मार्गात ३.७ टक्के आढळली. आज भारतातही मनगटाच्या मार्गाला अनेक डॉक्टर पहिली पसंती देतात.

तरीही जांघेचा मार्ग संपलेला नाही. मामांसारखी मनगटाची धमनी निकामी ठरली, तर तिथूनच जावे लागते. आणि छाती न उघडता हृदयाची झडप बदलण्याच्या उपचारात तर नळी इतकी जाड असते की ती मनगटातून जाऊच शकत नाही. हा उपचार २००२ मध्ये फ्रान्समध्ये आलँ क्रिबिए यांनी प्रथम केला. आता चेन्नईसह भारतातील मोठ्या रुग्णालयांत तो होतो. इतके मोठे छिद्र हाताने दाबून बंद होणे अवघड, म्हणून तिथे टाक्याची किंवा मोठ्या बुचाची साधने अनिवार्यच ठरतात. जर्मनीतील ५१६ रुग्णांच्या २०२२ मधील अभ्यासात अशा उपचारानंतर मोठ्या बुचाच्या गटात १९.४ टक्के आणि टाक्याच्या गटात १२ टक्के रुग्णांना त्या जागी कोणती ना कोणती गुंतागुंत झाली. छिद्र जितके मोठे, तितकी काळजी अधिक.

घरच्यांनी काय करावे?

उपचारापूर्वी डॉक्टरांना निःसंकोच विचारा: नळी मनगटातून जाणार की जांघेतून? जांघेतून असेल तर छिद्र कसे बंद करणार? मधुमेह, पायात चालताना येणारे गोळे, जांघेत पूर्वी झालेली शस्त्रक्रिया किंवा त्वचेचा संसर्ग असेल तर आधीच सांगा.

घरी सोडताना विचारा: शरीरात काही साधन ठेवले आहे का, आणि ते विरघळणारे आहे का? साधनासोबत एक छोटे कार्ड मिळते. ते जपून ठेवा. बूच बसवलेला असेल तर पुढच्या ९० दिवसांत पुन्हा अँजिओग्राफीची वेळ आल्यास, त्याच जागी सुई टोचू नये म्हणून, डॉक्टरांना हे कार्ड दाखवणे आवश्यक असते.

पहिले काही दिवस जड वस्तू उचलू नका, जोराने कुंथू नका. उकिडवे बसावे लागणारा भारतीय पद्धतीचा संडास टाळा. कमोड नसेल तर कमोडची खुर्ची आणा. जागा स्वच्छ आणि कोरडी ठेवा. तिथे हळद, मलम, पावडर काही लावू नका. शेकू तर मुळीच नका.

जांघेभोवती काळेनिळे पडणे, ते मांडीवर खाली उतरणे, वाटाण्याएवढी न दुखणारी गाठ लागणे हे बहुधा आपोआप बरे होते. पण गाठ वाढू लागली किंवा हाताला धडधडू लागली, जागा लाल, गरम झाली, पू आला, थंडी वाजून ताप आला, पाय गार वा बधिर झाला, कमरेत अचानक दुखून घाम फुटला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. उपचार केलेल्या रुग्णालयात त्याच वेळी जा. रक्त वाहू लागले तर रुग्णाला सपाट झोपवा, जागेवर घट्ट दाब धरून ठेवा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

आणि एक महत्त्वाचे. जांघेत सूज दिसली म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. नवा स्टेंट त्यामुळे बंद पडू शकतो. तो निर्णय डॉक्टरांचाच.

फायलीतली चिठ्ठी

मामांवर शस्त्रक्रिया झाली. बुचाचा उरलेला भाग काढला, पोखरलेल्या धमनीला दुसऱ्या पायातील शिरेचा तुकडा लावला आणि कित्येक आठवडे प्रतिजैविके चालली. पाय वाचला, मामाही वाचले. आज ते रोज सकाळी हळूहळू का होईना, फेरी मारून येतात.

मी चेन्नईला गेले तेव्हा मामीने ती जाडजूड फाईल माझ्यासमोर ठेवली. स्टेंटची माहिती, बिले, गोळ्यांचा तक्ता सगळे होते. शेवटच्या प्लास्टिकच्या पाकिटात ते छोटे कार्ड होते, इंग्रजीत छापलेले. ताप, लाली, सूज दिसल्यास ताबडतोब कळवा, असे त्यावर स्पष्ट लिहिले होते. कोणी ते काढून दाखवले नाही आणि घरात कोणी ते वाचले नाही.

‘‘डॉक्टर चांगलेच होते गं,’’ मामी म्हणाली. ‘‘हृदयाबद्दल सगळं समजावून सांगितलं. पायाबद्दल कोणी बोललं नाही, आणि मलाही विचारायचं सुचलं नाही.’’

आपल्या घरातील कोणाची अँजिओप्लास्टी ठरली असेल, तर हा प्रश्न आधीच विचारून ठेवा. त्याला दोन मिनिटेही लागत नाहीत.